प्रकाशाची पंचक्रोशी

उन्हे कलली की रामघाटावर क्षिप्रेचे पाणी असे चकाकते की पलीकडचा दत्त आखाडा घाट धड दिसत नाही. पोलरॉइड गॉगल लावला की ती चकाकी बरीच ओसरते. प्रकाश ही लहर आहे आणि ती चालताना आडवी-उभी कशीही कंप पावते. पाण्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात आडवे कंपन जास्त असते आणि गॉगलची काच नेमके तेच अडवते. कंपनाच्या या ठरावीक दिशेला ध्रुवीकरण म्हणतात. ज्यांनी या एका गोष्टीवर सारी बुद्धी लावली, त्या शिवरामकृष्णन पंचरत्नम यांची ओळख आम्ही उज्जैनकर वाचकांना करून देत आहोत.

त्यांचा जन्म १९३४ साली कलकत्त्यात झाला. सर सी. व्ही. रामन त्यांचे सख्खे मामा. थोरले बंधू रामशेषन आणि चंद्रशेखर हे दोघेही नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी, तेव्हा या घराण्याचे आपल्या विदर्भाशी जुने नाते आहे. पंचरत्नम तरुणपणीच बंगळूरला मामांच्या संस्थेत दाखल झाले आणि त्यांनी स्फटिक हाती घेतले.

काच सगळ्या दिशांनी सारखी असते, स्फटिक बहुधा तसा नसतो. आपल्या माळव्यातल्या आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत कॅल्साइट सापडतो. त्याचा स्वच्छ तुकडा छापील कागदावर ठेवला, तर प्रत्येक अक्षर दोनदा दिसते. आत शिरलेल्या प्रकाशाचे दोन भाग होतात, दोघांची कंपने एकमेकांना काटकोनात असतात आणि वेगही निरनिराळे असतात. पंचरत्नम यांनी त्याहून अवघड स्फटिक निवडला, तो आयोलाइट. हा स्फटिक प्रकाश शोषतोही, आणि तेही दिशेप्रमाणे कमी-जास्त. एका बाजूने पाहिले तर निळा-जांभळा, दुसऱ्या बाजूने फिकट पिवळसर. अशा स्फटिकात काही खास दिशांना प्रकाश कसा वागतो, हे त्यांनी गणिताने आणि प्रयोगाने उलगडले.

या कामातूनच १९५६ साली त्यांचा मोठा शोध निघाला. ध्रुवीकरणाची प्रत्येक अवस्था एका गोलावरचा एकेक बिंदू म्हणून दाखवता येते. प्रकाशाला एका अवस्थेतून दुसरीत, तिथून तिसरीत आणि पुन्हा पहिलीत आणले, तर गोलावर एक त्रिकोण पुरा होतो. प्रकाश मूळ अवस्थेत परतलेला असतो, तरी लहरीच्या चढउताराची लय, म्हणजे तिची कला, थोडी सरकलेली असते. किती, तर एकक गोलावरच्या त्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या निम्मी. आम्हाला इथे वैशाखातली पंचक्रोशी यात्रा आठवते. यात्रेकरू नागचंद्रेश्वराकडून बळ घेऊन निघतो आणि फिरून तिथेच येतो. जागा तीच असते, पण केलेली वाट त्याच्या अंगात उतरलेली असते.

तेव्हा पंचरत्नम जेमतेम २२ वर्षांचे होते. लेख बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापला गेला आणि पुढे जवळजवळ ३० वर्षे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. म्हैसूर विद्यापीठात शिकवून ते ऑक्सफर्डला गेले आणि अणू व प्रकाश यांच्या संबंधावर काम करू लागले. तिथेच १९६९ साली, वयाच्या अवघ्या ३५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आपल्या शोधाची थोरवी जगाने मानलेली त्यांना पाहायला मिळाली नाही.

१९८४ मध्ये ब्रिस्टलच्या मायकेल बेरी यांनी पुंजभौतिकीत अशीच फेरी आणि अशीच सरकलेली कला दाखवली, तेव्हा विज्ञानजगतात खळबळ उडाली. १९८६ साली रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहून दाखवून दिले की प्रकाशाच्या बाबतीत हे १९५६ सालीच सापडले होते. बेरी यांनीही मोठ्या मनाने ते मान्य केले आणि पुढच्याच वर्षी स्वतः लेख लिहून पंचरत्नम यांना श्रेय दिले. आज ही कला पंचरत्नम यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्या आधारे कागदासारखी पातळ, सपाट भिंगे घडवली जातात.

आम्हाला यात सर्वांत मोलाची वाटते ती धाकट्या भावाच्या जुन्या लेखाची थोरल्याने ठेवलेली आठवण. आपल्याकडेही घरोघरी, दप्तरोदप्तरी कोणाकोणाचे चोख काम असेच पडून असेल. बुद्धीच्या देवतेच्या या उत्सवात ते एकदा उघडून पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.