जॉन वूलमन : एक सचोटीचा दुकानदार

बाजारांत खरें बोलून पोट भरत नाहीं, असें बोलणें आमच्या कानांवर नित्य येतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या वडिलांचीं दुकानें आहेत, आणि कित्येक विद्यार्थी पुढें स्वतः गादीवर बसतील. त्यांच्यासाठीं एका ख्रिस्ती दुकानदाराचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉन वूलमन यांचा जन्म इ. स. १७२० मध्यें अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत झाला. त्या काळीं तेथें इंग्रजांचा अंमल होता. त्यांचें घराणें क्वेकर पंथाचें होतें. देव प्रत्येकाच्या अंतःकरणांत बोलतो, म्हणून उपासनेच्या वेळीं निःशब्द बसून त्याची वाणी ऐकावी, असें हे लोक मानीत. जॉन लहान असतां त्यानें एकदां घरट्याभोंवतीं घिरट्या घालणाऱ्या एका पक्षिणीस दगड मारिले, आणि ती मरून पडली. क्षणभर त्यास मौज वाटली. परंतु आतां पिलांस चारा कोण देईल, हा विचार मनांत येतांच तो कासावीस झाला. पिलें उपाशीं तडफडूं नयेत म्हणून शेवटीं तींही त्यास आपल्याच हातानें मारावीं लागलीं. हा प्रसंग त्यांनीं पुढें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविला आहे.

एकविसाव्या वर्षीं ते माउंट हॉली या गांवीं एका दुकानदाराकडे नोकरीस राहिले. कांहीं दिवसांनीं मालकानें आपली एक गुलाम स्त्री विकली, आणि विक्रीखत लिहिण्यास वूलमन यांस सांगितलें. घेणारा खोळंबून उभा होता. तो त्यांच्याच पंथाचा एक वृद्ध गृहस्थ होता. मालकाची आज्ञा मोडवेना, म्हणून त्यांनीं खत लिहिलें. परंतु मनास इतकी टोंचणी लागली कीं, माणसास गुलाम करून ठेवणें हें ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे, असें त्यांनीं त्या दोघांसमोर बोलून दाखविलें. तेवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. आपण साफ नाहीं म्हणावयास पाहिजे होतें, ही खंत उरलीच. पुढें दुसऱ्या एकानें असेंच खत लिहावयास सांगितलें, तेव्हां मात्र त्यांनीं नम्रपणें नकार दिला.

शिंपीकाम शिकून त्यांनीं पुढें स्वतःचें दुकान घातलें. प्रथम शिवणकामाचें किरकोळ साहित्य, मग कापड, असा माल वाढत गेला. जें खरोखर उपयोगी तेंच विकावें, असा त्यांचा बहुधा नेम असे. नुसत्या डामडौलाची वस्तु विकली म्हणजे त्यांस चैन पडत नसे. ऐपतीबाहेर खरेदी करून लोक कर्जांत बुडतात व धनको त्यांस कोर्टांत खेंचतात, हें त्यांनीं पाहिलें होतें. म्हणून गरीब गिऱ्हाईक आलें म्हणजे कामास येईल आणि महाग पडणार नाहीं अशीच वस्तु घेण्याचा सल्ला ते देत. गिऱ्हाईक म्हणजे त्यांच्या दृष्टीनें शेजारीच होता. आणि शेजाऱ्यावर प्रीति करण्याची प्रभूची आज्ञा दुकानाच्या उंबरठ्यावर थांबत नाहीं.

तरीही धंदा वाढतच चालला. त्या व्यापांत मन गुंतून जातें असें दिसून येतांच, इ. स. १७५६ च्या सुमारास, ऐन भरभराटींत त्यांनीं तो आवरला. परंतु एकाएकीं दार लावून घेतलें नाहीं. दुसरें कोणतें दुकान सोयीचें पडेल याचा विचार करण्यास अवधि मिळावा, म्हणून आपला बेत त्यांनीं गिऱ्हाइकांस आगाऊ कळविला. पुढें शिंपीकाम व फळबाग यांवर त्यांनीं निर्वाह केला.

उरलेला वेळ त्यांनीं गुलामगिरीविरुद्ध कार्य करण्यांत घालविला. इ. स. १७५४ मध्यें त्यांचा या विषयावरील निबंध छापून निघाला होता. गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरीं जाऊन ते त्यांस सौम्य शब्दांनीं समजावीत. पाहुणचार घेतला तर गुलामांच्या श्रमांबद्दल पैसे देत. वेस्ट इंडीज बेटांतील साखर गुलामांच्या कष्टांची, म्हणून तीही त्यांनीं सोडली. इ. स. १७७२ मध्यें इंग्लंडांतील यॉर्क शहरीं देवीच्या रोगानें ते वारले. त्यानंतर चार वर्षांनीं, १७७६ सालीं, फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळानें आपल्या सभासदांस गुलाम बाळगण्याची मनाई केली. सर्व अमेरिकेंत ही चाल कायद्यानें बंद होण्यास मात्र १८६५ साल उजाडावें लागलें.

विद्यार्थिमित्रांनो, माप पुरें देणें व भाव खरा सांगणें, एवढ्यालाच आम्ही सचोटी समजतों. वूलमन यांनीं तिच्यांत आणखी दोन प्रश्न घातले : हा माल कोणाच्या दुःखांतून आला, आणि तो घेऊन घेणाऱ्याचें भलें होईल काय? पहिल्या वेळीं त्यांचेंही धैर्य कमी पडलें होतें, हें आम्हीं मुद्दाम सांगितलें आहे. ज्याची एकदां चूक झाली, त्यासही दुसऱ्या वेळीं नाहीं म्हणतां येतें.