वडगाव मावळात इंग्रजांनी तहावर सही केली, पण कलकत्त्याने ती मानलीच नाही. मग महादजी शिंदेंनी काय केलं?

जुन्या मुंबई-पुणे हायवेवर लोणावळा सोडलं की कार्ला, कामशेत करत गाडी वडगाव मावळला येते. याच गावात जानेवारी १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने मराठ्यांपुढे गुडघे टेकले होते. शाळेच्या पुस्तकात वडगावची लढाई आणि विजय एवढंच असतं. खरी गंमत मात्र लढाईनंतर सुरू होते, कारण तहावर सह्या झाल्या आणि काही आठवड्यांत तो तह कागदावरच राहिला.

त्या तहात मराठ्यांच्या बाजूने सगळ्यात वजनदार माणूस होते महादजी शिंदे.

महादजी हे राणोजी शिंद्यांचे धाकटे चिरंजीव. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं. थोरले जयाप्पा १७५५ मध्ये नागौरजवळ मारले गेले. दत्ताजी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. १७६१ च्या पानिपतात पुतण्या जनकोजीही गेला. महादजी वाचले, पण पायावर असा घाव बसला की आयुष्यभर लंगडत चालावं लागलं. त्यांना रणांगणातून बाहेर काढलं ते राणेखान नावाच्या पखालवाल्याने. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानलं आणि मोठ्या हुद्द्यावर नेलं. जहागीर लगेच हाती आली नाही, त्यासाठी काही वर्षं झगडावं लागलं. आणि १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत शिरले तेव्हा महादजी आघाडीवर होते. बादशहा शाहआलम त्यांच्याच आधाराने दिल्लीच्या तख्तावर परतला.

इकडे पुण्यात १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांना बारभाईंनी बाजूला केलं आणि नारायणरावांच्या तान्ह्या मुलाच्या नावाने कारभार सुरू केला. राघोबादादा इंग्रजांकडे गेले. मुंबईकर इंग्रजांनी १७७५ मध्ये त्यांच्याशी सुरतेचा तह केला. मोबदला काय, तर साष्टी आणि वसई.

आता इथे एक कायदेशीर मेख आहे. ब्रिटिश संसदेने १७७३ मध्ये रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला होता. त्यानुसार मुंबई आणि मद्रासच्या इंग्रजांनी युद्ध किंवा तह करायचा तर कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलची संमती लागणार होती. कलकत्त्याने सुरतेचा तह अमान्य केला आणि १७७६ मध्ये आपला माणूस पाठवून पुरंदरचा वेगळा तह केला. मुंबईला हा तह मनापासून मान्य नव्हता, आणि लंडनचे डायरेक्टर मुंबईच्या बाजूने झुकले. म्हणजे एकाच कंपनीची तीन तोंडं! पुण्याच्या दरबाराने विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

१७७८ च्या शेवटी राघोबादादांना गादीवर बसवायला सुमारे चार हजारांची फौज मुंबईहून निघाली आणि बोरघाट चढून खंडाळ्याला आली. सोबत हजारो बैल आणि अवजड तोफखाना. चाल इतकी मंद की दिवसाला जेमतेम एखादा मैल. मराठ्यांनी समोरासमोर मोठी झुंज टाळली. रसद तोडली, चारा जाळला, आजूबाजूने गोळागोळी चालू ठेवली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. शत्रू असूनही त्याच्या धाडसाचं कौतुक झालं आणि मावळात तो इष्टुर फाकडा म्हणून लक्षात राहिला.

९ जानेवारीला फौज तळेगावला पोचली तर गाव जळालेलं, दाणागोटा शून्य. पुणं एका टप्प्यावर होतं, पण इंग्रजांचा धीर सुटला. जड तोफा तळ्यात ढकलून ते रात्रीच्या अंधारात मागे फिरले आणि वडगावात घेरले गेले.

तिथे झालेल्या तहात साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करायचं ठरलं. बंगालहून येणारी गॉडर्डची फौज माघारी पाठवायची होती आणि हमी म्हणून दोन इंग्रज ओलीस राहणार होते. राघोबादादा महादजींच्या स्वाधीन झाले. आपल्याला असा तह करायचा अधिकारच नाही, असं इंग्रजांनी बोलणी सुरू असताना सांगूनही पाहिलं होतं. पण सुटकेचा दुसरा रस्ता नव्हता. महादजींशी वेगळी बोली झाली ती भरूच त्यांना देण्याची. घाट उतरताच इंग्रजांनी गॉडर्डला माघारीचा हुकूम थांबवायला सांगितलं, आणि वॉरन हेस्टिंग्जने तर अख्खा तहच झटकून टाकला.

हा निव्वळ विश्वासघात म्हणायचा का? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. अधिकार नसताना सेनापतीने केलेला करार राज्याला बांधतो का, यावर ग्रोशियस आणि वॅटेल या युरोपच्या कायदेपंडितांनी आधीच लिहून ठेवलं होतं. आजही १९६९ चा व्हिएन्ना करार सांगतो की अधिकार नसलेल्याने केलेली सही राज्याने नंतर मान्य केली तरच तिला अर्थ. त्या हिशेबाने हेस्टिंग्जची बाजू कागदावर टिकते. पण वेढ्यातली माणसं याच सहीच्या जोरावर जिवंत मुंबईला पोचली. तह नको असेल तर त्यांना परत वडगावात आणून उभं करायला हवं होतं. फायदा ठेवायचा आणि जबाबदारी नाकारायची, ही चलाखी कोणत्याही कायद्यात बसवणं अवघड आहे.

महादजींची एक चूक इथे दिसते. घेरलेल्या फौजेला सोडताना त्यांनी कलकत्त्याची मंजुरी येईपर्यंत थांबायला हवं होतं. राघोबादादाही वाटेतून निसटले आणि पुन्हा इंग्रजांना मिळाले.

युद्ध परत पेटलं. १७८० मध्ये महादजींनी दोन्ही ओलिसांना सोडून दिलं, वाटाघाटीचं दार उघडं राहावं म्हणून. त्याच वर्षी ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी घेतला. १७८१ मध्ये गॉडर्ड पुन्हा बोरघाटापर्यंत आला आणि मार खात पनवेलकडे परतला. दोन्ही बाजू थकल्या होत्या.

१७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. महादजींना आता तहाचं मोल कळलं होतं. या वेळी हेस्टिंग्जचीच मंजुरी घेतली गेली, पुण्यात नाना फडणवीसांनी वेळ घेऊन मग शिक्का केला, आणि तह पाळला जाईल याची हमी दोन्ही पक्षांसाठी खुद्द महादजींनी घेतली. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत आली, राघोबादादांना पेन्शन मिळाली. आणि भरूच? वडगावचा तह रद्द ठरला होता, तरी तिथे पराभूत फौजेला दिलेल्या वागणुकीची आठवण म्हणून भरूच महादजींना मिळालंच.

त्यानंतरची बारा वर्षं महादजींची. १७८४ मध्ये ते बादशहाचे वकील-ए-मुतलक झाले. द बॉयन्य या फ्रेंच बोलणाऱ्या अधिकाऱ्याकडून त्यांनी कवायती पलटणी उभ्या केल्या. शाहआलमचे डोळे काढणाऱ्या गुलाम कादिरचा शेवटही त्यांच्याच माणसांनी केला. १७९२ मध्ये ते पुण्यात आले आणि १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीत त्यांचं निधन झालं. तिथे त्यांची छत्री आहे.

भरूच पुढे नऊ वर्षं शिंद्यांकडे राहिलं. १८०३ च्या युद्धात इंग्रजांनी ते दौलतरावांकडून घेतलं.