सरखेल कान्होजी आंग्रे

अठराव्या शतकाच्या आरंभी कोकणच्या समुद्रावर इंग्रज, पोर्तुगीज व जंजिऱ्याचा सिद्दी हुकमत गाजवू पाहत होते. तेव्हा कान्होजी आंग्रे मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, असा त्यांचा दंडक होता. दस्तक नसलेली जहाजे त्यांच्या गुराबा पकडून आणीत. परवान्याची सक्ती पोर्तुगीजही करीत. परंतु इंग्रजांनी कान्होजींना मात्र चाचा ठरविले. समुद्र कोणाचा, हाच खरा प्रश्न होता. १७१८ साली इंग्रज खांदेरीवर चालून गेले व हात हलवीत परतले. १७२१ साली त्यांनी पोर्तुगीजांसह अलिबागेच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली; तीही फसली. १७२९ साली कान्होजी निवर्तले. या दोन्ही स्वाऱ्यांत या दुर्गांवरील निशाण शत्रूला उतरविता आले नव्हते.