आवाजाने ओळखला गेलेला नट : क्लॉड रेन्स

क्लॉड रेन्स यांचा जन्म १८८९ साली लंडनमध्ये एका गरीब कुटुंबात झाला. लहानपणी ते बोलताना अडखळत. बोलीही गरीब वस्तीतली. नाटकगृहात ते पडेल ते काम करीत. तेथे थोर नट हर्बर्ट बीअरबोम ट्री यांनी त्यांचे गुण हेरले आणि पदरचे पैसे घालून त्यांना शुद्ध उच्चार शिकवले.

पहिल्या महायुद्धात विषारी वायूने एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. तरी ते रंगभूमीवर परतले. ट्री यांनीच स्थापलेल्या नाट्यशाळेत त्यांनी शिकवलेही. जॉन गिलगुड त्यांचे विद्यार्थी.

१९३३ च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये त्यांचा चेहरा अगदी शेवटी दिसतो. तोवर सारी कामगिरी आवाजाची, त्याच अडखळणाऱ्या मुलाच्या! ‘कॅसाब्लांका’तला (१९४२) त्यांचा मिश्कील पोलीस अधिकारीही गाजला. ऑस्करसाठी चारदा नामांकन झाले, पारितोषिक एकदाही नाही. १९६७ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले.