दिवेवाली बाई आणि तिच्या तीन रंगांच्या पाकळ्या

स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर एकदा रन केलं की टेबल्सचा नुसता पूर येतो! त्यातलं काय दाखवायचं, काय नाही, हे आपल्याच हातात असतं. अशा वेळी मला फ्लॉरेन्स नाइटिंगेल आठवते.

१८२० साली श्रीमंत इंग्रज घरात जन्मलेली ही मुलगी घरच्यांचा विरोध पत्करून नर्स झाली. १८५४ मध्ये, क्रिमियन युद्धाच्या वेळी, ती स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात पोचली. तिथे सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, टायफसनेच जास्त मरत होते.

परतल्यावर तिच्याकडे आकड्यांचा ढीग होता. पण ते रकाने वाचणार कोण? म्हणून १८५८ मध्ये तिने एक गोल आलेख छापला. दर महिन्याला एक पाकळी. निळा रंग टाळता येणाऱ्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्याने सगळं व्यापलं होतं! लष्कराच्या आरोग्यव्यवस्थेत सुधारणा होण्यात या आकड्यांचा मोठा वाटा होता. १९१० मध्ये ती गेली.

विशेष म्हणजे तिने लाल-काळा रंग गाळला नाही, म्हणूनच निळा खरा वाटला. आउटपुटमधलं एखादं टेबल बंद करताना मी आता आधी बघते... आपली लाल पाकळी तर जात नाही ना?