लक्ष्मीबाई टिळक : मिशनच्या घरातील आई

मिशनरी स्त्री म्हटले की परदेशातून आलेली एखादी मडम डोळ्यांपुढे उभी राहते. अमेरिकन मराठी मिशनने 1813 साली मुंबईत आणि 1831 साली अहमदनगरला आपले कार्य सुरू केले. तेव्हापासून अशा कितीतरी स्त्रिया महाराष्ट्रात येऊन राहिल्या. परकी भाषा, कडक उन्हाळा, साथीचे आजार आणि शिक्षणासाठी मायदेशी पाठवलेल्या मुलांचा विरह हे त्यांच्या वाट्याला आलेले दुःख होते. लक्ष्मीबाई टिळकांना मात्र मिशनच्या घरात येण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही. त्यांचे दुःख निराळे होते. आपल्याच मुलखात, आपल्याच भाषेच्या माणसांत त्यांना परके व्हावे लागले, आणि तेही पदरी लहान मूल असताना.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. 1857च्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली आणि त्या आघाताने वडिलांच्या मनाने सोवळ्याओवळ्याचा विलक्षण ध्यास घेतला. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असा त्यांचा दंडक होता. मीठ आणि साखरही त्यातून सुटत नसे. स्पर्शाची ही भीती मनूने बालपणापासून पाहिली, सोसली आणि नकळत आपलीही केली. पुढे आयुष्याने त्यांची परीक्षा पाहिली ती नेमकी याच ठिकाणी.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळक बुद्धिमान, कविमनाचे, उदार, परंतु अत्यंत तापट आणि अस्थिर वृत्तीचे होते. मनात आले की नोकरी सोडावी, घरी न सांगता निघून जावे, हातातले पैसे गरजवंताला देऊन मोकळे व्हावे, अशी त्यांची रीत होती. मात्र कधीही शाळेत न गेलेल्या पत्नीला अक्षरओळख व्हावी, तिने लिहावे-वाचावे, ही ओढही त्यांचीच. अशा संसारात लक्ष्मीबाईंनी पहिली अपत्ये गमावण्याचे दुःख सोसले. 1891 साली दत्तूचा, म्हणजे देवदत्ताचा जन्म झाला आणि त्यांचे सारे जीवन या एका मुलाभोवती गुंफले गेले.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळात धर्मांतर हा घरातला वैयक्तिक निर्णय राहत नसे. जात, पंगत, पाणवठा, सोयरीक हे सारे एका दिवसात तुटत असे. नवरा जिवंत असूनही नसल्यासारखा, आणि मुलगा बापाकडे जाईल की काय ही धास्ती अहोरात्र, अशा अवस्थेत लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. बहिणीच्या आधाराने त्यांनी काही काळ पंढरपुरातही काढला. विरहाची ही चार-पाच वर्षे त्यांच्या मनाची चाळण करणारी होती. आप्तांनी आधार दिला, पण परक्याच्या घरचा घास गिळताना अभिमान किती दुखावतो हेही त्यांनी अनुभवले.

अखेर त्या अहमदनगरला पतीकडे परतल्या. टिळक तेथे मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत होते. परंतु लक्ष्मीबाईंनी चूल वेगळी मांडली. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कायम. एकाच कुटुंबातील पतिपत्नी एकमेकांच्या हातचे पाणी घेत नसत, आणि दत्तू त्या दोन घरांत वावरत असे. टिळकांच्या तापट स्वभावाचा विचार करता त्यांनी या बाबतीत पत्नीवर सक्ती केली नाही, ही गोष्ट आवर्जून नोंदविण्यासारखी आहे.

बदल झाला तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने. माणसामाणसांत भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना छळू लागला. उत्तर सापडले तेव्हा त्यांनी प्रथम जातिभेद टाकला, कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. धर्माचा विचार त्यानंतरचा. ज्या घरात मीठसुद्धा धुतले जाई त्या घरच्या लेकीसाठी पाण्याचा तो एक पेला किती जड असेल, याची आज कल्पना करणे कठीण आहे. 1900 साली राहुरी येथे त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

त्यानंतरचे त्यांचे जीवन म्हणजे सदैव भरलेले घर. छप्पनच्या दुष्काळाने गावेच्या गावे उद्ध्वस्त केली होती. पोरकी मुले मिशनच्या आश्रयाला येत होती. टिळक कोणालाही घरी घेऊन येत. येणाऱ्याच्या पोटात घास कसा जायचा, अंगाला कपडा कुठून मिळायचा, याची चिंता लक्ष्मीबाईंची असे. मिशनचा पगार बेताचा. सामान आणण्यासाठी बाजारात गेलेले टिळक पुष्कळदा पैसे भलत्याच गोष्टीत खर्चून हात हलवीत परत येत. भांडणे होत, अबोला होई, लक्ष्मीबाई सडेतोड बोलत, पण दारी आलेल्या मुलाचा पाट मांडला जाई. कोणते मूल कोणत्या जातीचे, हे विचारण्याची रीत त्या घरातून कायमची गेली होती.

या घरात आलेल्यांपैकी एक होते त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलाची प्रतिभा चमकली. टिळकांनी ती ओळखली आणि पुढे त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. लहरी, हळवे, क्षणात रुसणारे आणि क्षणात हसणारे बालकवी लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने सांभाळले. 1918 साली भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात ते गेले, तेव्हा त्या घरातलेच एक मूल गेले.

त्याच काळात प्लेगचे संकट कोसळले. चिकपेट ज्या जुन्या पेठेत वसली आहे, त्या पेठेनेही 1898 साली हा प्लेग पाहिला. गल्ल्या ओस पडल्या, आणि त्यानंतर मोकळ्या हवेची मल्लेश्वरम् व बसवनगुडी ही नवी वस्ती उभी राहिली. नगरची स्थिती वेगळी नव्हती. सख्खे नातलग रुग्णाला सोडून पळत असताना लक्ष्मीबाई प्लेगच्या रुग्णांच्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या. एकेकाळी परक्याच्या सावलीलाही जपणाऱ्या हातांनी आता कोणाचेही अंग पुसावे, कोणालाही पाणी पाजावे, हे परिवर्तन एका दिवसात झालेले नव्हते.

1917 साली टिळकांनी मिशनच्या पगाराचा त्याग केला. संन्यस्त वृत्तीने राहण्याचा त्यांचा संकल्प होता, आणि कुटुंब साताऱ्यास गेले. पतीने संन्यास घ्यायचा आणि पत्नीने संसार चालवायचा, हा विरोधाभास लक्ष्मीबाईंनी पूर्वीप्रमाणेच निभावला. 9 मे 1919 रोजी टिळकांचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी घेतली. पुढे मुलगा, सून, नातवंडे यांच्यासह काही काळ कराचीतही त्या राहिल्या. पतीने अर्धवट ठेवलेल्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याला त्यांनी 64 अध्याय जोडून ते पुरे केले.

त्यांचे अमर कार्य मात्र ‘स्मृतिचित्रे’. देवदत्त वडिलांचे चरित्र सिद्ध करू पाहत होते, आणि त्यासाठी आईने आठवणी लिहाव्यात अशी त्यांची इच्छा होती. त्या आठवणींतून मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र उभे राहिले. 1934 ते 1936 या काळात त्याचे चार भाग प्रसिद्ध झाले. 1950 साली त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. माजघरात बोलली जाते ती मराठी त्यांनी जशीच्या तशी कागदावर उतरवली. तीत पतीची निंदा नाही आणि खोटी स्तुतीही नाही. स्वतःच्या फजित्या सांगताना त्या हसतात, आणि दुःख सांगताना आवाज चढवीत नाहीत. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. आत्मचरित्राचा शेवट पुत्राने पूर्ण केला.

लक्ष्मीबाईंची धर्मनिष्ठा कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण त्यांच्या घराकडे पाहताना एक गोष्ट सर्वांनाच मान्य व्हावी. कीर्तने त्यांनी केली, काव्य लिहिले, परंतु त्यांची खरी शिकवण स्वयंपाकघरातून दिली गेली. कोणाला पंक्तीत बसवायचे, कोणाच्या हातचे पाणी घ्यायचे, रागावल्यावरही कोणाला वाढायचे, हे मुले पाहत होती आणि पाहूनच शिकत होती.

दाराबाहेर कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू यांचा गजबजाट आणि उंबऱ्याच्या आत मराठी, अशा घरांतून चिकपेटेतल्या मराठी मुलांच्या पिढ्या शाळेत आल्या. शाळेने त्यांना मराठी लिहायला शिकवले, पण त्यांना बोलके केले ते घराने. ज्या स्त्रीने शाळेचा उंबरा ओलांडला नाही तिनेच घरगुती मराठीला साहित्यात मानाचे स्थान मिळवून दिले. संध्याकाळी घरात ‘स्मृतिचित्रे’ची दोन पाने मोठ्याने वाचली गेली, तर आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ती आपल्याच घरची वाटतील.