रामा शेट्टी ते महाराणी : पडद्यावर ज्यांना बघून धडकी भरायची ते नगरचे तात्या, सदाशिव अमरापूरकर

मार्च २०१३. महाराष्ट्रात दुष्काळ पडला होता. मराठवाडा आणि नगर-सोलापूरच्या पट्ट्यात प्यायला टँकरचं पाणी आणि जनावरांना छावणीतला चारा, अशी परिस्थिती. त्याच दिवसांत मुंबईत, वर्सोव्याला, होळीचा रेन डान्स सुरू होता. वरून पाण्याचे फवारे, खाली डीजे. शेजारी राहणारे साठी उलटलेले एक गृहस्थ पुढे झाले आणि पाण्याची ही नासाडी थांबवा म्हणून सांगायला लागले. वाद वाढला आणि त्या गृहस्थांना धक्काबुक्की झाली, मारहाण झाली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी सगळीकडे होती, कारण मार खाल्लेला माणूस होता सदाशिव अमरापूरकर. ज्यांनी पडद्यावर धर्मेंद्रपासून संजय दत्तपर्यंत सगळ्यांना छळलं, ते अमरापूरकर.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पाण्यासाठी कशाला कोणाच्या तोंडी लागायचं? तर हा माणूस नगर जिल्ह्यातला होता. ज्यांनी हा जिल्हा पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एका टोकाला अकोले. घाटघर, रतनवाडीला पावसाळ्यात सूर्य दिसत नाही आणि भंडारदरा भरलं की अख्खा उत्तर भाग निर्धास्त होतो. दुसऱ्या टोकाला शेवगाव, पाथर्डी. तिथं घागरभर पाण्याची किंमत लहान पोरालाही ठाऊक असते. ज्या अमरापूरवरून अमरापूरकर हे आडनाव येतं, ते गाव याच शेवगाव तालुक्यात आहे.

११ मे १९५० ला नगरमध्ये त्यांचा जन्म झाला. मूळ नाव गणेशकुमार. सदाशिव हे नाव नाटकात आल्यावर घेतलेलं. पण नगरकरांसाठी या दोन्ही नावांना फारसा अर्थ नव्हता, गावात ते तात्याच होते. इतिहास विषयात एमए केलं, पण जीव अडकला होता नाटकात. त्या काळात नगरच्या हौशी रंगभूमीची चांगलीच चलती होती. प्रा. मधुकर तोरडमल नगर कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता नाटकं करायचे आणि तिथूनच पुढे व्यावसायिक रंगभूमीवर गेले. थोडक्यात, नगरहून मुंबईच्या रंगमंचावर जाता येतं हे तात्यांच्या आधीच सिद्ध झालेलं होतं.

सिनेमातली त्यांची सुरुवात कुठल्या भूमिकेने झाली असेल? लोकमान्य टिळक! १९७९ साली जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट केला. पुण्यातली प्लेगची साथ, रँडचा जुलूम आणि चापेकर बंधूंनी केलेला त्याचा वध, असा विषय. त्यात अमरापूरकर टिळक झाले होते. पुढे श्याम बेनेगल यांनी दूरदर्शनसाठी ‘भारत एक खोज’ केली, तेव्हा त्यात महात्मा फुले साकारायलाही त्यांनाच बोलावलं. टिळक आणि फुले हे दोघंही एकाच नटाने करावेत आणि तरी तो लोकांच्या लक्षात राहावा व्हिलन म्हणून, हा योग जरा विचित्रच.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते ‘हँड्स अप’ या नाटकाने. भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकर यांच्यासोबतचं हे व्यावसायिक नाटक चांगलं चाललं होतं. ते बघायला आले गोविंद निहलानी. निहलानी त्या वेळी ‘अर्धसत्य’ची जुळवाजुळव करत होते. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि इन्स्पेक्टर अनंत वेलणकरच्या भूमिकेत ओम पुरी. प्रश्न होता रामा शेट्टीचा.

ऐंशीच्या दशकात हिंदीतला व्हिलन कसा असायचा हे आठवा. गब्बर डोंगरातून गर्जना करायचा, ‘शान’चा शाकाल बेटावर अड्डा बांधून बसलेला. अंगावर भपकेबाज कपडे आणि तोंडी टाळ्यांची वाक्यं. प्रेक्षकाला घरी जाताना खात्री असायची की असला माणूस आपल्या गल्लीत काही राहत नाही.

रामा शेट्टी मात्र गल्लीतच राहणारा होता. महानगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहणारा, वरपर्यंत ओळखी असलेला. वेलणकर त्याच्या माणसांच्या मागे त्याच्या दारात येतो तेव्हा तो ना पिस्तूल काढत, ना आवाज चढवत. तो सरळ वरच्या साहेबाला फोन लावतो. बस, विषय संपला. कायदा नावाची गोष्ट एका फोनवर किती पातळ होते, हे त्या एका प्रसंगात कळतं. आणि शेवटी, कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात अडकलेला वेलणकर मदत मागायला त्याच शेट्टीच्या दारात जातो. तिथं अमरापूरकर जे बसलेत ना, ते बघण्यासारखं आहे. समोरचा माणूस विकत घ्यायचाय आणि तो स्वतःच चालत आलाय, याचं समाधान त्यांनी फक्त डोळ्यांत ठेवलंय.

पूर्ण सिनेमात त्यांच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आहेत. तरी १९८३ च्या या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार नगरच्या तात्यांना मिळाला. त्याच वर्षी तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ हे नाटक रंगमंचावर आलं आणि त्याचं दिग्दर्शनही अमरापूरकरांचं होतं. हे आज फारच कमी लोकांना माहीत असतं.

यानंतर हिंदी सिनेमाने त्यांच्यासाठी दारं उघडली, पण सगळी एकाच खोलीत जाणारी. १९८६ ला ‘आखरी रास्ता’. १९८७ ला अनिल शर्मांचा ‘हुकूमत’, समोर धर्मेंद्र. ‘हुकूमत’ तुफान चालला आणि मग समीकरणच ठरलं : धर्मेंद्र हिरो असेल तर व्हिलन अमरापूरकर. ‘खतरों के खिलाडी’, ‘एलान-ए-जंग’, ‘फरिश्ते’. रामा शेट्टीत जो संयम होता तो इथं कुणालाच नको होता. इथं डोळे गरगरा फिरवायचे होते आणि शेवटच्या रिळात मार खायचा होता. ते त्यांनी इमानदारीत केलं, पण यातले बरेचसे सिनेमे आज त्यांच्यासाठीच कसेबसे बघवतात हेही खरं.

मग १९९१ ला आला ‘सडक’. महेश भट्ट यांचा चित्रपट, संजय दत्त टॅक्सी ड्रायव्हर आणि कोठ्यात अडकलेली पूजा भट्ट. हा कोठा चालवणारी महाराणी. साडी, कपाळभर कुंकू आणि ते हसणं. लहानपणी व्हीसीआरवर नाहीतर केबलवर ‘सडक’ बघितलेल्या पिढीला गाण्यांच्या आधी महाराणी आठवते. धोका होता तो विनोदी होऊन बसण्याचा. तोवर हिंदी पडद्यावर साडी नेसलेला पुरुष म्हणजे हशा पिकवण्याची सोय होती. अमरापूरकरांनी थिएटरमधला तो हशा घशातच अडकवला. त्या वर्षी फिल्मफेअरने पहिल्यांदाच खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. त्याचे पहिले मानकरी ठरले सदाशिव अमरापूरकर.

आज मात्र महाराणीकडे बघताना एक गोष्ट टोचते. तृतीयपंथी म्हणजे क्रूर, मुली पळवणारा, असं चित्र त्या भूमिकेने अजून घट्ट केलं. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली ती २०१४ मध्ये, म्हणजे ‘सडक’नंतर तब्बल २३ वर्षांनी. अभिनय पहिल्या दर्जाचा होता म्हणूनच त्या प्रतिमेची भीती खोलवर रुतली. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

नव्वदीत सिनेमा बदलला. परदेशातली लग्नं आणि मोठमोठी कुटुंबं आली आणि व्हिलनचा धंदा बसला. अमरापूरकर विनोदाकडे वळले. डेव्हिड धवनच्या ‘आँखे’मधला इन्स्पेक्टर आणि ‘कुली नंबर १’मधला शादीराम घरजोडे. अपमान झाला म्हणून श्रीमंताच्या मुलीची गाठ थेट हमालाशी बांधणारा हा लग्न जमवणारा अख्खा सिनेमा ढकलत नेतो. मीम्सच्या जमान्यातली पोरं त्यांना ओळखतात ती बहुतेक इथूनच. मराठीत मात्र ते वेगळ्या वाटेवर होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’ आणि ‘वास्तुपुरुष’मध्ये ते दिसतात. डोळे गरगर फिरवणारा हाच तो माणूस, यावर तिथं विश्वास बसत नाही.

आणि पडद्याबाहेरचे तात्या? ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडंफार मानधन मिळावं, अशी कल्पना. पैसे जमवायला नामवंत कलाकारांनी एकत्र येऊन अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे गावोगाव प्रयोग केले. त्यात अमरापूरकर होते. हिंदीत मागणी असलेला नट चळवळीसाठी एसटीच्या रस्त्यांवरून फिरत होता. पुढेही अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम असो की नगरच्या स्नेहालयाचं, ते उभे राहिले. त्यामुळे वर्सोव्यातली ती होळी हा म्हातारपणीचा चिडचिडेपणा नव्हता. आयुष्यभराची सवय होती.

त्या होळीनंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, ३ मे २०१३ ला, ‘बॉम्बे टॉकीज’ प्रदर्शित झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ला बरोबर १०० वर्षं झाली तो दिवस. दिबाकर बॅनर्जींच्या भागात नवाजुद्दीन सिद्दीकी आहे, चाळीत राहणारा, नाटकाचं वेड असलेला पण कुठंच न जमलेला माणूस. त्याला एका शूटिंगमध्ये काही सेकंदांचं काम मिळतं. तालीम करताना त्याच्यासमोर त्याचा मेलेला नाट्यगुरू येऊन उभा राहतो आणि त्याला झापतो. तो गुरू म्हणजे अमरापूरकर. मोठ्या पडद्यावरचं हिंदीतलं त्यांचं हे शेवटचं महत्त्वाचं काम, आणि त्यात ते पुन्हा मराठी नाटकवालेच होते.

३ नोव्हेंबर २०१४ ला, फुप्फुसाच्या आजाराने, मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ६४. मुंबईत अंत्यसंस्कार झाले नाहीत. तात्यांना नगरला आणण्यात आलं.